एकच उत्तर निघेल असा प्रश्न : प्रश्नमंजुषा तयार करणाऱ्यांसाठी

गणेशोत्सव मंडळ असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी, सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा बहुतेक वेळा एकाच जागी बिघडते. उत्तरावरून वाद होतो आणि दोन्ही संघ आपापल्या परीने बरोबर असतात. हा वाद स्टेजवर मिटत नाही, तो प्रश्न लिहितानाच टाळावा लागतो.

आधी उत्तर ठरवा, मग प्रश्न. उत्तर असं हवं, की समोर बसलेल्या बहुतेकांनी ते नाव कधी ना कधी ऐकलेलं असेल. समजा, उत्तर ‘लोणार’ आहे. ‘लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे?’ असं विचारलं, तर ज्याला बुलढाणा आठवतं तो सांगतो, बाकीच्यांना विचार करायला काहीच उरत नाही. त्याऐवजी असं विचारा : ‘२०२० मध्ये रामसर यादीत आलेल्या, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालेल्या आणि बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने तयार झालेल्या सरोवराचं नाव काय?’ रामसर यादी म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी, त्यामुळे पाणथळ जागांचा अभ्यास असणारा पहिल्याच खुणेवर ओळखतो, बातम्या वाचणारा दुसऱ्या आणि शाळेत भूगोल शिकलेला तिसऱ्या. अवघड खूण आधी, सोपी शेवटी, हा क्रम बझर फेरीत, म्हणजे आधी बटण दाबेल त्याने उत्तर द्यायच्या फेरीत, तर मोडूच नका. मात्र प्रश्न तीस शब्दांच्या आत ठेवा. त्याहून लांबला की ऐकणारा शेवटापर्यंत सुरुवात विसरतो.

‘पहिला’, ‘सर्वांत उंच’, ‘सर्वांत मोठा’ हे शब्द आले की थांबा आणि कशात पहिला, कुठून मोजलेला, हे लिहा. ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणून १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी सांगितली जाते, पण मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रूळ टाकले गेले होते. ‘पहिली प्रवासी रेल्वे’ म्हटलं की वाद संपतो. शिखरांचंही तसंच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट (८८४८.८६ मीटर), समुद्रतळाच्या पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटांवरचा मौना केआ आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो, कारण विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगीर आहे. खरं तर हाच प्रश्न फार सुंदर होतो : ‘केंद्रापासून सर्वांत दूर असलेलं शिखर एव्हरेस्ट का नाही?’

काही उत्तरं शिळी होतात. भारताच्या किनारपट्टीची लांबी वर्षानुवर्षं ७५१६.६ किलोमीटर शिकवली गेली. आता सरकारी आकडा ११,०९८.८ किलोमीटर आहे. जमीन वाढलेली नाही. अधिक बारीक नकाशावर मोजल्यामुळे खाड्या आणि वळणं हिशेबात आली, म्हणून लांबी वाढली. शनीच्या चंद्रांचा आकडा मार्च २०२५ मध्ये एकदम २७४ वर गेला. जुन्या पुस्तकातून प्रश्न घेताना प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वर्षीचा, हे पेन्सिलीने लिहा. जिथे वर्ष सापडत नाही तो प्रश्न काढून टाका.

सणांच्या प्रश्नांत सर्वाधिक चुका संक्रांतीवर होतात. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं धरलं जातं, पण सूर्याची उत्तरेकडची वाटचाल २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू होते. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. निरयन वर्ष आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. याच हिशेबाने मागे गेलं तर १७६१ मध्ये ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. तेव्हा ‘पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सणाच्या दिवशी झाली?’ हा वर्षानुवर्षं विचारला जाणारा प्रश्न बाद करा. तारीख विचारा : १४ जानेवारी १७६१.

पुराणकथांच्या प्रश्नात ग्रंथाचं नाव घालाच. लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही कथाही पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत मूळ पाठाबाहेर ठेवली आहे. कथा लोकांना प्रिय आहेत, त्या जरूर विचारा, फक्त आधी ‘प्रचलित कथेनुसार’ असं लिहा.

लेखी प्राथमिक फेरीला २५ प्रश्न आणि ३० मिनिटं पुरतात. साधारण ८ सोपे, १२ मध्यम, ५ अवघड घ्या. ‘अष्टविनायकांपैकी पुणे जिल्ह्याबाहेरची स्थानं कोणती?’ यासारखी तीन उत्तरं (पाली, महड, सिद्धटेक) असलेला प्रश्न इथेच शोभतो, कारण कागदावर प्रत्येक नावाला वेगळे गुण देता येतात. पाच प्रश्नांवर तारा काढा आणि बरोबरी झाली तर ते आधी मोजा.

अंतिम फेरीला सहा संघ घ्या. प्रश्न पुढे सरकवताना एक अन्याय नकळत होतो. कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्याला त्याचे सगळे सोडलेले प्रश्न मिळत राहतात. म्हणून ज्या संघाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघाला नवा प्रश्न द्या, आणि निम्मे प्रश्न झाले की फिरण्याची दिशा उलटवा. मग थेट आणि सरकून आलेल्या उत्तराला सारखेच गुण ठेवता येतात. पहिल्या संघाला ३० सेकंद, पुढच्यांना ५. या हिशेबाने ३६ प्रश्न तासाभरात होतात.

प्रेक्षकांतून कोणी उत्तर ओरडलं तर तो प्रश्न रद्दच करायचा असतो, म्हणून आठ-दहा प्रश्न राखीव ठेवा, तेही त्या-त्या फेरीच्या विषयाचे. शेवटच्या बरोबरीसाठी आकड्याचा प्रश्न लिहून ठेवा : ‘कळसूबाई शिखराची उंची किती मीटर?’ दोन्ही संघ कागदावर आकडा लिहितात आणि १६४६ च्या जवळचा जिंकतो. अंतर सारखंच आलं तर असाच दुसरा प्रश्न तयार असू द्या.