पाय मुरगळला? आधी एक बोट वापरा

लालबागच्या एका चाळीमागच्या पटांगणात बावीस वर्षं मी पोरांना कबड्डी शिकवतोय. दहीहंडी जवळ आली की हीच पोरं थर लावतात. मी डॉक्टर नाही. पण परळच्या केईएम रुग्णालयात हाडांच्या ओपीडीबाहेर इतक्या वेळा बसलोय की तिथला एक मामा मला बघितलं की विचारतो, "मास्तर, आज कोणाचा पाय?"

तिथेच शिकलेली गोष्ट आधी सांगतो. आमच्या एका चढाईपटूचा पाय मुरगळला. शेजारच्या काकूंनी आंबेहळदीचा लेप लावला, आणि चोळणाऱ्याकडे मीच नेलं, हे कबूल करतो. सूज उतरेना म्हणून एका दवाखान्यात घोट्याचा एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही, लचक आहे." पोरगा तीन आठवडे त्याच पायावर लोकलला लटकत कामावर गेला. शेवटी केईएमला नेलं, तर तिथल्या तरुण डॉक्टरने फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाला, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव." पोराने बोट घोट्यावर ठेवलंच नाही. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा असतो, तिथे ठेवलं. मोडलं होतं तिथलं हाड, आणि तीन आठवड्यांपूर्वी काढला होता तो घोट्याचा एक्स-रे.

तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे. "पाय दुखतो" असं केस पेपरच्या खिडकीवर किंवा डॉक्टरला सांगायचं नाही. एक बोट, एक जागा.

ती जागा शोधायची पद्धत कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली बसवली, आणि ती कोणालाही जमते. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं, त्यांची टोकं आणि मागची कड दाबून बघा. मग तो बाहेरचा उंचवटा दाबा आणि आतल्या बाजूला, कमानीच्या वर येणारं हाडही. यातलं एखादं हाड दाबल्यावर कळ आली, किंवा दुखऱ्या पायावर चार पावलं टाकता आली नाहीत, तर त्याच दिवशी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. दारू प्यायलेल्या माणसावर किंवा लहान मुलावर ही परीक्षा करू नका. मधुमेहाने ज्याचा पाय बधिर झालाय त्याच्यावर तर मुळीच नको.

काही वेळा मात्र बोटबिट बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठायची: हाड कातडीबाहेर आलंय, पाय वाकडा दिसतोय, पायाची बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडलीत. थरावरून पडलेल्या पोराला तर हात-पाय धरून उचलूच नका. मान हलू न देता स्ट्रेचर येईपर्यंत तिथेच ठेवा आणि १०८ लावा. उंचावरून टाचांवर पडलेला पोरगा फक्त टाच दाखवतो, पण कंबरेचा मणकाही दबलेला असू शकतो. किती उंचावरून पडला ते डॉक्टरांना सांगा. परळ-दादरकडून केईएम किंवा शीव, मुंबई सेंट्रलकडून नायर, भायखळ्याहून जेजे, पार्ला-अंधेरीकडून कूपर. गाडीने उडवलं असेल आणि कोणी म्हणालं "आधी पोलीस, मग उपचार", तर ऐकू नका. जीव वाचवणारा उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय.

निघण्याआधी जोडवी, पैंजण, अंगठ्या काढा. सूज चढली की त्या कापाव्या लागतात, आणि मग घरात त्याचंच रडगाणं. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. वाकडा पाय ओढून सरळ करू नका. पुठ्ठा किंवा उशी लावून आहे तसाच बांधा. आणि चहा पाजू नका! भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. आमच्याकडे माणूस पडला की पहिला चहाच येतो.

तातडी नसेल तर ओपीडी. पालिकेच्या रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. त्यावर युनिट, म्हणजे डॉक्टरांची तुकडी, आणि तिचा वार लिहिलेला असतो. पुढच्या खेपेला त्याच वारी जा, नाहीतर अख्खी रांग लावून "तुमचं युनिट आज नाही" ऐकून परत याल. जुन्या फिल्म, औषधांची चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत ठेवा. ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेच्या टेबलावर तेच कागद मागतात. खासगीत जायचं तर नुसते हाडांचे डॉक्टर नकोत. गुडघ्याला गुडघ्याचे, घोट्या-तळव्याला त्याचेच बघा. पकड होताना "टक" आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला, तर गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारी आतली दोरी तुटल्याचा संशय धरा. पोटरीत मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर पोटरीला टाचेशी जोडणारी शीर तुटली असेल. दोन्हींत "बघू आठवडाभर" करू नका.

प्लास्टर घातल्यावरची पहिली रात्र जागती ठेवा. पाय उशीवर, बोटं दिसतील असा. दुखणं वाढतच चाललं, बोटं निळी पडली, किंवा दुसऱ्याने बोटं हळूच वर केली तरी पोरगा किंचाळला, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा.

आता आईचं. तिला पंधरा वर्षं साखर आहे. पावसाळ्यात चिखल्या झाल्या, तिने गरम पाण्यात पाय बुडवले, आणि तळव्याला भाजल्याचं तिला कळलंच नाही. अशा पायाला दुखतच नाही, म्हणून रोज रात्री मी बॅटरी घेऊन तळवा बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. जखम, काळं बोट, किंवा न दुखता लाल-गरम होऊन सुजलेला पाय दिसला की त्याच दिवशी डॉक्टर. तिला मऊ तळाची एमसीआर चप्पल लिहून दिली होती. हाजीअलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत असं पायाचं साहित्य माप घेऊन बनवतात. आई म्हणाली, घरात चप्पल घालून देवाजवळ कशी जाऊ? महिनाभर वाद झाला. शेवटी दोन जोड केले. घरातला जोड चाळीच्या पायरीखाली कधीही उतरत नाही, आणि देवापुढे ती स्टुलावर बसून पूजा करते.