चेहरा ओळखणाऱ्या पोलिसी यंत्रणेची माहिती कशी मागवायची

दोन चेहऱ्यांत 80 टक्क्यांहून जास्त साम्य दिसलं की दिल्ली पोलीस ओळख पटली असं धरतात, हे 2022 मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरातून बाहेर आलं. त्याहून कमी साम्य असलं तरी तो माणूस सुटत नाही. इतर पुरावा शोधला जातो. हे तंत्रज्ञान त्यांनी हरवलेली मुलं शोधायला घेतलं. 2018 मध्ये उच्च न्यायालयात त्याची अचूकता 2 टक्के सांगितली गेली, आणि 2020 च्या दंगलीनंतर तेच संशयित शोधायला वापरलं. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘अ‍ॅम्बिस’ प्रणालीत बोटांच्या ठशांबरोबर चेहरा आणि बुबुळंही आहेत. तेव्हा किती साम्य धरता, अचूकता किती, वापर कशासाठी, हेच प्रश्न माहिती अधिकारात आपल्या पोलीस आयुक्तालयाला विचारता येतात.

आधी ‘महाटेंडर्स’ या राज्य सरकारच्या निविदा संकेतस्थळावर निविदा शोधा. किती कॅमेरे, कोणता डेटाबेस, किती अचूकता हवी, हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. निविदा क्रमांक अर्जात दिला की ‘अशी यंत्रणा आमच्याकडे नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं.

मग जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द बसतात. निम्मे अर्ज इथेच अडकावेत अशीच ही अट आहे. म्हणून दोन अर्ज करा: एक खरेदी आणि कार्यपद्धतीचा, दुसरा वापराच्या आकड्यांचा.

पहिल्यात कार्यादेश, करार, अचूकता चाचणीचा अहवाल, लेखी कार्यपद्धती आणि जुळणीची टक्केवारी ठरवणारा आदेश, यांच्या प्रती मागा. टक्केवारीचा प्रश्न कधीच गाळू नका. समजा, दहा हजार तुलनांमागे एकदा चुकणारं सॉफ्टवेअर आहे. 10 लाख फोटोंच्या साठ्यात एक चेहरा शोधला, तर ते सरासरी 100 चुकीची माणसं पुढे करील. त्यांतल्या कुणाच्या घरी पोलीस जाणार, हे त्या एका आदेशावर ठरतं.

दुसऱ्यात वर्षनिहाय संख्या मागा: किती शोध घेतले, किती जुळण्या निघाल्या, त्यांवरून किती अटका झाल्या, किती जुळण्या चुकीच्या ठरल्या. फोटो पुसल्याचे आकडेही विचारा. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार नोंदी 75 वर्षं ठेवता येतात, पण आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे मार्ग संपले, की न्यायालयाने वेगळा लेखी आदेश दिला नसेल तर त्या नष्ट करायच्या असतात.

‘ही यंत्रणा का घेतली?’ असं विचारू नका. माहिती म्हणजे दप्तरी असलेली नोंद. कारणमीमांसा द्यायला अधिकारी बांधील नाही. ‘निर्णयाची टिप्पणी द्या’ म्हटलं की तेच कारण कागदावर मिळतं. कुणाची नावंही मागू नका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(जे) मधली जनहिताची सूट काढून टाकली आहे, त्यामुळे नाव दिसलं की नकार सोपा होतो.

उत्तराची मुदत 30 दिवस. नकार बहुधा 8(1)(एच) खाली येतो: तपासात अडथळा. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात 2007 मध्ये म्हटलं आहे. त्याचा दाखला देऊन 30 दिवसांत जोडपत्र ‘ब’मध्ये, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. कलम 10 खाली गोपनीय भाग झाकून उरलेलं द्यावं, आणि कलम 8(2) खाली जनहित पाहावं, या दोन्ही मागण्या त्यातच घाला. तिथेही नकार आला तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जा. सोबत निविदेची प्रत जोडा, कारण बाहेर प्रसिद्ध झालेली गोष्ट गुप्त आहे असं म्हणणं आयोगापुढे टिकवणं कठीण असतं.