गरोदर बाई ऊसतोडीला निघाली असेल तर

बीड, जालन्याकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. घोळ होतो तो इथेच. गावातल्या तपासण्या सुटतात, कारखान्याच्या गावी ओळख नसते आणि रक्तदाब वाढला तरी आधी काही दुखत-खुपत नाही.

निघण्यापूर्वी आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतले प्रथिन लिहून घ्या. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर फडावर (ऊसतोडीच्या शेतात) जाणे नकोच, आधी दवाखाना. गोळ्या किमान दोन महिन्यांच्या मागून घ्या. कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या, एक संध्याकाळच्या जेवणासोबत. लोहाची रात्री निजताना, चहा टाळून. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळ बायका गोळी सोडतात. तो लोहाचा रंग आहे, घाबरू नये.

कोपी (राहायची पालाची झोपडी) पडली की दोन दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे मुकादमाशी (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतानाच बोलून ठेवा. नंतर कोणी ऐकत नाही.

रक्तदाब मोजण्याआधी लघवी करून, पाठ टेकून पाच मिनिटे बसा; दंड छातीच्या पातळीत हवा. पाचव्या महिन्यानंतर १४०/९० किंवा वर आकडा आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० असेल तर थांबायचेच नाही.

फडात मोळी डोक्यावर घेणे बंद. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. चार बांबू आणि जुने लुगडे, एवढ्यात आडोसा होतो. चूल कोपीबाहेर मांडा.

डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहरा सुजणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे: यातले एकही दिसले तर १०८ ला फोन. झटका (आकडी) आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो.

बाळंतपणानंतरही, विशेषतः पहिल्या आठवड्यात, झटके येऊ शकतात. रक्तदाब तेव्हाही मोजा, आणि तिला एवढ्यात फडात नेऊ नका.