कॅड ड्रॉइंगची कोऑर्डिनेट सिस्टीम बदलताय? या चुका टाळा

ड्रॉइंग नकाशावर बसत नाही म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअरला शिव्या घालतात आणि मग मूव्ह कमांड मारतात. त्याआधी ऑटोकॅडची आयडी कमांड (बिंदूचे कोऑर्डिनेट दाखवणारी) देऊन एका कोपऱ्यावर क्लिक करा आणि आकडे वाचा. एक्स सहा आकडी, वाय सात आकडी असेल तर बहुधा मीटरमधलं यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडून सपाट नकाशावर मोजणारी सिस्टीम. दोन्ही १८० च्या आत आणि दशांशचिन्हापुढे लांबलचक शेपूट असेल तर अक्षांश-रेखांश. नऊ-दहा आकडी असेल तर कुणीतरी मिलिमीटरमध्ये काम केलंय. आणि १०००, ५००० असे गोल आकडे दिसले तर सर्व्हेअरने स्वतःची लोकल ग्रिड धरली आहे. तिचा ईपीएसजी कोड (प्रमाणित कोऑर्डिनेट सिस्टीमचा नोंदणी क्रमांक) शोधत बसू नका, तो नसतोच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टीमचा कोड असाइन केला की ड्रॉइंग कन्व्हर्ट झालं असं समजणं. सिव्हिल थ्रीडी या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कोड असाइन केल्यावर एकही आकडा जागचा हलत नाही. हे आकडे अमुक सिस्टीममधले आहेत एवढंच फाइलला कळतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येही असाइन प्रोजेक्शन (नुसतं लेबल) वेगळं आणि रिप्रोजेक्ट लेयर (खरं रूपांतर) वेगळं. एका यूटीएम झोनच्या फाइलला शेजारच्या झोनचा कोड चिकटवलात तर ड्रॉइंग सहा अंश सरकतं, म्हणजे विषुववृत्ताजवळ साडेसहाशे किलोमीटरहून जास्त. खरंच कन्व्हर्ट करायचं तर सिव्हिल थ्रीडीत मूळ फाइलला तिचाच कोड द्या, कोऱ्या फाइलला हवा तो कोड द्या, मूळ फाइल तिथे अटॅच करा आणि क्वेरीने ऑब्जेक्ट आणा. पाच मिनिटं जास्त जातात, पण ज्यांना तीही जड वाटतात त्यांच्याच फायली नंतर माझ्याकडे येतात.

आता अलाइन, म्हणजे पॉइंट जुळवून ड्रॉइंग सरकवणारी-फिरवणारी कमांड. याच्यावर माझा विशेष राग आहे. एका पाइपलाइनच्या कामात नवख्या ड्राफ्ट्समनने सर्व्हेअरचं लोकल ड्रॉइंग दोन कंट्रोल पॉइंट (खात्रीने मोजलेले बिंदू) धरून यूटीएमवर बसवलं. स्केल करायचं का, असं कमांडने विचारलं आणि त्याने न वाचता येस दाबलं. सॅटेलाइट इमेजवर रेष रस्त्याच्या कडेने चपखल बसली, सगळे खूश. साइटवर टेप लावली तेव्हा ड्रॉइंगमधलं अंतर किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी निघालं. खापर सर्व्हेअरवर फुटलं, बिचाऱ्याने टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) पुन्हा तपासून घेतलं. मी चेंबरवर डायमेन्शन टाकून पाहिलं, तर १२०० मिलिमीटरचा चेंबर ११९९.५२ भरला. तिथेच उलगडा झाला. यूटीएम झोनच्या मध्य रेखावृत्तावरचा स्केल फॅक्टर (ग्रिडवरचं अंतर भागिले खरं अंतर) ०.९९९६ असतो आणि साइट नेमकी त्याच्याजवळ होती. सर्व्हेअरची अंतरं जमिनीवरची होती, ड्रॉइंग मात्र ग्रिडवरचं होऊन बसलं. (विषुववृत्ताच्या बाजूला झोनच्या कडेला हाच फॅक्टर १ च्या वर जातो, तेव्हा ४० सेंटीमीटर पाठ करून ठेवू नका.)

मी जमिनीवरच्या मापांची फाइल आणि ग्रिडची फाइल वेगळ्या ठेवतो आणि फॅक्टर टायटल ब्लॉकमध्ये लिहितो. शिवाय अलाइनला न वापरलेला तिसरा पॉइंट तपासल्याशिवाय फाइल पुढे देत नाही. स्केल चालू असेल तर दोन पॉइंटांवर कुठलंही ड्रॉइंग बसतं.

बाकीच्या थोडक्यात. इनसयुनिट्स (ड्रॉइंगचं एकक सांगणारी सेटिंग) बदलल्याने आधी काढलेल्या रेषा लहान-मोठ्या होत नाहीत. यूसीएस (आपण ठरवलेले अक्ष) फिरवलेला असेल तर आयडीचे आकडे त्या यूसीएसचे येतात, आधी वर्ल्डवर (मूळ अक्षांवर) या. मुख्य फाइल कन्व्हर्ट केली म्हणून तिला जोडलेल्या बाहेरच्या फायली (एक्सरेफ) आपोआप होत नाहीत.

फुटांची फाइल आली तर कुठला फूट, ते विचारा. इंटरनॅशनल फूट ०.३०४८ मीटरचा, अमेरिकन सर्व्हे फूट १२००/३९३७ मीटरचा. फरक दहा लाखांत दोनच, पण २० लाखांच्या कोऑर्डिनेटवर तो चार फुटांचा होतो. सर्व्हे फूट २०२२ अखेर अधिकृतपणे बंद झाला, जुन्या फायलींमध्ये मात्र तो ठाण मांडून आहे.

सात पॅरामीटरचं डेटम ट्रान्सफॉर्मेशन (पृथ्वीच्या एका मापन-चौकटीतून दुसरीत आकडे नेणं) करताना रोटेशनची चिन्हं पोझिशन व्हेक्टर पद्धतीची आहेत की कोऑर्डिनेट फ्रेमची, हे पॅरामीटर देणाऱ्याकडून लेखी घ्या. दोन्हींत चिन्हं उलटी असतात, आणि चुकीची पद्धत लावली तर सॉफ्टवेअर चूं करत नाही, गुपचूप दुसरीकडचे आकडे देतं.