वेब पानावर गणित आपोआप सोडवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळा-क्लासेसना गणिताची वेब पानं बनवून देणारी बरीच मुलं आता तयार झाली आहेत. चौकटीत आकडे टाकले की खाली पुस्तकात छापल्यासारखं सूत्र आणि उत्तर येतं. कल्पना फार चांगली. पण दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या पानांत चुका त्याच त्या, कारण सगळ्यांना आधी सूत्र देखणं करायचं असतं. मॅथजॅक्स किंवा केटेक ही सूत्र पानावर दाखवणारी साधनं हिशेब करत नाहीत, नुसती मांडणी करतात. हिशेब जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेब पान चालवणाऱ्या भाषेत, आधी पुरा करा, मग तोच आकडा सूत्रात भरा.

एकर-गुंठ्याला दशांश समजणे

आपल्याकडे उताऱ्यावर २.२० असेल तर ते दोन एकर वीस गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर. निपाणीकडच्या एका क्लासच्या पानावर २.२० आणि १.३० या दोन तुकड्यांची बेरीज ३.५० येत होती, तीही झकास मांडणीत. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मोबाइल बघितला आणि म्हणाले, "चार एकर दहा गुंठे होतंय की रे!"

पान बनवणाऱ्याने शॉर्टकट मारला: टिंबावर आकडा तोडायचा आणि मागचा भाग गुंठे धरायचा. पण आकड्यात रूपांतर झालं की २.२० चं २.२ होतं, आणि वीस गुंठ्यांचे दोनच उरतात. मग त्याने २ वजा करून १०० ने गुणलं. आलं २०.०००००००००००००१८, कारण संगणक दशांश बायनरीत, म्हणजे ० आणि १ मध्ये, ठेवतो आणि २.२ त्यात नेमका बसत नाही. त्यावर तो गोल करायला धावला. एका ठिगळावर दुसरं ठिगळ, आणि मूळ चूक तशीच.

मी एकर आणि गुंठे यांना दोन वेगळ्या चौकटी देतो. सगळ्याचे गुंठे करतो: १०० अधिक ७० म्हणजे १७०. शेवटी ४० ने भाग, भागाकार ४, बाकी १०. पूर्ण संख्यांत राहिलं की दशांशाचा त्रासच उरत नाही. पैशांचा हिशेबही मी पैशांतच करतो, रुपये फक्त दाखवताना.

मांडलेल्या सूत्रातून आकडा परत उचलणे

हे बघितलं की माझं डोकं फिरतं. पुढच्या पायरीला १७०/४० हवं म्हणून पडद्यावरच्या अपूर्णांकाचा मजकूर वाचायचा! अपूर्णांकाची रेघ म्हणजे अक्षर नव्हे, त्यामुळे हाती १७०४० येऊ शकतं. केटेक तर मांडणीसोबत मॅथएमएल (सूत्राचा वेब पानासाठीचा कोड) आणि मूळ लाटेकही (सूत्र लिहायची खुणांची भाषा) पानात ठेवतं, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा पुन्हा मिळतो. आकडा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या कप्प्यात, असतोच, तिथूनच घ्या.

उत्तर बदललं, सूत्र कच्चं दिसतंय

मॅथजॅक्स ३ मध्ये मजकूर बदलल्यावर टाइपसेटप्रॉमिस हे मांडणी करणारं फंक्शन पुन्हा बोलवावं लागतं, आणि आधीचं काम संपेपर्यंत पुढचं सुरू करायचं नाही. प्रत्येक बटणदाबीला बोलवलं तर साधा मोबाइल अडकतो. टायपिंग थांबल्यावर ३०० मिलीसेकंदांनी मांडणी, ही माझी सवय. सतत बदलणाऱ्या उत्तरासाठी मी केटेकच वापरतो, त्याची मांडणी झटपट होते.

बाकीच्या, थोडक्यात

चौकटीतून येतो तो मजकूर. ५ अधिक ३ चे ५३ होतात, आधी आकड्यात बदला.

मुलं मराठी कीबोर्डवरून २० लिहितात, काही कन्नड अंकही टाकतात. जावास्क्रिप्टला ते आकडे वाटत नाहीत. दोन्ही लिप्यांचे अंक आधी बदलून घ्या.

१,२५,००० थेट पार्सफ्लोटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) दिलं तर १ उरतो. स्वल्पविराम काढून द्या. सूत्रात परत घालताना तो स्वल्पविराम महिरपी कंसात घाला, नाहीतर त्याच्यामागे फट पडते.

लाटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे टिप्पणीची सुरुवात, त्या ओळीत पुढचं सगळं गायब. चिन्हाआधी बॅकस्लॅश हवा.

जावास्क्रिप्टच्या साध्या अवतरणात मात्र प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा. एकच असेल तर टाइम्स या गुणाकाराच्या लाटेक खुणेचा टी टॅब होऊन जातो.

ऋण किंमत भरताना कंस घाला. ३ वजा वजा ४ असं मुलांपुढे ठेवू नये.

आणि लिहिलेलं गणित सोडवायला इव्हॅल (मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन) लावू नका. मुलांच्या पानावर कुणीही काहीही टाकेल आणि तो कोड चालेल. मॅथ डॉट जेएस ही तयार लायब्ररी गणित सोडवते आणि त्याचं लाटेकही देते. ते शिकायला एखादी संध्याकाळ जाईल, ती द्या.