इंदुरात बसून महिलांच्या सायकल शर्यतींचा मोसम कसा पाहावा

नवख्या माणसाची तक्रार ठरलेली असते. चार तास सगळ्या नुसत्या पॅडल मारत असतात आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी जिंकते, यात पाहायचे काय? डोळे जिंकणारीवर असले की असेच वाटणार. रोड रेस हा कामे वाटून घेण्याचा खेळ आहे. एका संघातल्या सहा-सात जणींपैकी पाच जणी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणतात, पळालेल्यांचा पाठलाग करतात आणि दमून मागे पडतात. त्यांचे काम दिसायला लागले की चार तास कमी पडतात. ते दिसावे म्हणून एक वही, थोडे गणित आणि घड्याळाची शिस्त लागते. ती कशी बसवायची ते पुढे दिले आहे.

महिला वर्ल्डटूर, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींची वर्षभराची मालिका, २०१६ साली सुरू झाली. त्याआधी १९९८ पासून वर्ल्ड कप होता. मोसम जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला उघडतो आणि ऑक्टोबरात चीनमध्ये मिटतो. मधे पंचवीसच्या आसपास शर्यती असतात. त्या सगळ्या पाहायचा संकल्प फेब्रुवारीतच मोडतो, म्हणून पहिल्या वर्षी दहा-बारा निवडा.

निवडताना रस्त्याचा प्रकार पाहा, नावाचा मोठेपणा नंतर. पांढऱ्या मुरमाच्या कच्च्या रस्त्यांसाठी मार्चमधली स्ट्रादे बियांके. तिचा शेवट सिएना शहरातल्या अरुंद, खड्या सांता कातेरिना गल्लीतून चढून चौकात होतो. लांब सपाटी आणि शेवटी छोट्या टेकड्या हव्या असतील तर २०२५ साली महिलांसाठी परत आलेली मिलान–सान रेमो. त्या वर्षी ती लोरेना वीबेसने जिंकली. घडीव दगडांच्या चढांसाठी टूर ऑफ फ्लँडर्स आणि सपाटीवरच्या दगडांसाठी पॅरिस–रूबे. एकाच भिंतीसारख्या चढासाठी फ्लेश वालोन. तिचा म्यूर द ह्यूई हा चढ १.३ किलोमीटरचा, सरासरी ९.६ टक्क्यांचा आहे. वेळ कमी असेल तर हिची शेवटची दहा मिनिटे पाहिली तरी चालते. अ‍ॅना व्हान डर ब्रेगनने २०१५ ते २०२१ अशी सलग सात वर्षे ही शर्यत त्याच चढावर जिंकली. यांत त्रोफेओ अल्फ्रेदो बिंदा जरूर घाला. ही १९७४ पासून चालू आहे, आणि महिलांच्या शर्यती कालपरवा सुरू झाल्या असे समजणाऱ्याला दाखवायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. त्यानंतर स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या तीन मोठ्या टप्प्यांच्या, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या शर्यती आणि विश्व अजिंक्यपद.

घड्याळ

सर्वाधिक शर्यती इथेच हुकतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत इटली, फ्रान्स, बेल्जियम आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. त्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीनच तास. म्हणजे रंगपंचमीच्या आगेमागे येणाऱ्या शर्यतींचा हिशेब एप्रिलमध्ये चालत नाही. सिएनात दुपारी साडेबारा म्हणजे इंदुरात संध्याकाळचे पाच. एप्रिलमध्ये फ्रान्सचे चार म्हणजे आपले साडेसात. जानेवारीत अ‍ॅडलेड पाच तास पुढे असते, तिथले साडेदहा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. आखाती टूरला, म्हणजे अमिरातीतल्या शर्यतीला, तिथल्या वेळेत दीड तास मिळवा. ब्रिटन उन्हाळ्यातही साडेचार तासच मागे असते, आणि फ्रान्सची सवय झालेली माणसे जूनमध्ये हमखास तासभर आधी येऊन बसतात.

सोपा उपाय म्हणजे फोनच्या कॅलेंडरमध्ये शर्यतीची वेळ त्या गावाच्या टाइम झोनमध्ये भरणे. फोन स्वतःच बदल करतो. प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, म्हणून कुठे दिसणार हे शर्यतीच्या आठवडाभर आधी तपासा, त्याच सकाळी नाही. प्रक्षेपण बहुधा शेवटच्या दीड-दोन तासांचेच असते. आधीचे काय झाले ते लाइव्ह मजकुरातून टिपून ठेवावे लागते. नाहीतर पडदा उघडतो तेव्हा सात जणी तीन मिनिटे पुढे असतात आणि त्या कोण, कुठून आल्या, काही कळत नाही.

वही

शंभर पानी, आखलेली. डावे पान आदल्या रात्री भरायचे: एकूण किलोमीटर, चढ किंवा दगडी पट्टे शेवटापासून किती अंतरावर, शेवटचा किलोमीटर चढता की सपाट, आणि प्रत्येक संघाची मुख्य बाई, म्हणजे जिच्यासाठी बाकीच्या राबतात ती, कोण. प्रोसायक्लिंगस्टॅट्स या संकेतस्थळावर सहभागींची यादी आणि रस्त्याची उंचसखल आकृती दोन्ही मिळतात. अंतरे नेहमी शेवटापासून लिहा, कारण पडद्यावर उरलेले किलोमीटर दिसतात. रूबेच्या दगडी पट्ट्यांचे आकडेही उलटे, मोठ्याकडून लहानाकडे उतरत जातात, आणि प्रत्येकाला अवघडपणाप्रमाणे एक ते पाच तारे असतात.

उजवे पान शर्यतीत भरायचे, दर दहा किलोमीटरला एक ओळ. त्या ओळीत तीनच गोष्टी: पुढच्या गटाची आघाडी, मोठ्या घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या संघाच्या जर्सी, आणि मुख्य बायांपाशी किती मदतनीस उरल्या. आणखी लिहायला गेलात तर पाहणे राहून जाते.

आता त्या ओळींचे करायचे काय ते पाहू. जुना ठोकताळा असा: घोळका मनावर घेतो तेव्हा दहा किलोमीटरमागे सुमारे एक मिनिट भरून काढतो. तीस किलोमीटर उरलेत आणि आघाडी सव्वादोन मिनिटे, म्हणजे पकडल्या जाणार. मात्र महिलांच्या शर्यतीत हा ठोकताळा अनेकदा लंगडा पडतो. संघ सहा-सात जणींचा, आणि दोन-तीन चढ झाले की मुख्य बाईपाशी एखादीच मदतनीस उरते. मग पाठलाग कुणी करायचा यावर मागे नजरानजर सुरू होते. पुढच्या गटात आपली बाई असेल तो संघ मागे काम करत नाही, उलट गती मोडतो. म्हणूनच २०२३ च्या रूबेत लवकर निघालेला गट शेवटपर्यंत टिकला आणि अ‍ॅलिसन जॅक्सन त्यातून जिंकली. २०२१ साली त्याच शर्यतीच्या पहिल्या महिला आवृत्तीत लिझी डाइग्नन सुमारे ८२ किलोमीटर उरले असताना सुटली, ती मारियान व्हॉसच्या १ मिनिट १७ सेकंद आधी पोहोचली. एकूण शर्यत ११६ किलोमीटरची, म्हणजे ढोबळमानाने इंदूरहून उज्जैनला जाऊन परत येण्याएवढी. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त रस्ता ती एकटी होती. मनात सांवेरच्या रस्त्यावर ते अंतर मोजून पाहा.

पडद्यावरच्या आघाडीच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो मोटरसायकलींच्या जीपीएसवरून येतो आणि वळणावळणाच्या चढावर उड्या मारतो. खात्री हवी तर खूण धरा: पुढची बाई एखाद्या पाटीजवळून किंवा कमानीखालून गेली की मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करा, घोळका तिथे आला की थांबवा.

घोळका अचानक लांबट होऊन रस्त्यावर तिरका पसरला तर लगेच लिहा, वारा आडवा आहे. पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहिले की जवळजवळ तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. वारा समोरून असेल तर आडोसा मागे मिळतो, बाजूने असेल तर मागे आणि कडेला. मग रांग रस्त्याच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी उभी राहते. त्या रांगेत रस्त्याच्या रुंदीइतक्याच जणी मावतात. बाकीच्या जणी काठावर एकामागे एक पडतात, आडोसा संपतो आणि दोन मिनिटांत पन्नास मीटरची फट होते. ती पुन्हा बुजत नाही. माळव्यात पावसाआधी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा पहाटे सुपर कॉरिडॉरवर एकटे सायकल चालवून पाहिलीत तर वाऱ्याची धार कळेल. तिरकी रांग करायला मात्र जाऊ नका, तो रस्ता वाहनांसाठी खुला आहे.

दगडांवर दुसरेच काहीतरी बिघडते. टायरमध्ये हवा जास्त असेल तर सायकल उसळते आणि पकड जाते. कमी असेल तर दगडाची कड रिमपर्यंत पोहोचून टायर फाटतो. संघाची गाडी मागे अडकलेली असते, म्हणून पंक्चरपेक्षा ते कुठे झाले हे महत्त्वाचे. पट्ट्यात शिरताना पहिल्या पंधरांत कोण आहे ते लिहा. त्या जागेसाठीची धडपड पट्ट्याच्या दोन किलोमीटर आधी सुरू होते आणि अनेकदा शर्यत तिथेच ठरते.

टप्प्यांच्या शर्यतींचे गणित

इथे रोज जिंकण्यापेक्षा एकूण वेळ कमी असणे मोठे. पहिल्या तिघींना बहुधा १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. आणखी एक नियम पाठ हवा: सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडली तर तिला तिच्या गटाचीच वेळ मिळते. त्याआधी पडली तर घड्याळ चालू राहते.

२०२४ च्या टूर द फ्रान्स फामचे, म्हणजे महिलांच्या टूर द फ्रान्सचे, पान वहीत नमुना म्हणून उतरवून ठेवा. पाचव्या टप्प्यात पिवळ्या जर्सीतली, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेली, डेमी फोलरिंग शेवटापासून सुमारे सहा किलोमीटरवर पडली. तीन किलोमीटरचा नियम लागू झाला नाही, पिवळी जर्सी गेली. त्याच दिवशी टप्पा जिंकला तो तिच्याच संघातल्या ब्लांका वाशने. शेवटच्या दिवशी सकाळी फोलरिंग काशा नीविआडोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. आल्प दुएझ या घाटाच्या माथ्यावर ती पहिली आली, नीविआडोमा १ मिनिट १ सेकंदाने चौथी. पंचाहत्तरातून एकसष्ट गेले, चौदा उरले. जिंकल्याची दहा सेकंदांची सूट गेली, उरले चार. नीविआडोमा चार सेकंदांनी टूर जिंकली. चौथी आलेल्या बाईने शेवटच्या चढावर प्रत्येक सेकंदासाठी काय झुंज दिली ते या वजाबाकीशिवाय दिसतच नाही.

टूरचे टप्पे भारतीय वेळेनुसार बहुधा रात्री, सराफ्यात गाड्या लागायच्या सुमाराला संपतात. पाहायला चौघे-पाचजण जमत असाल तर प्रत्येकाने एक संघ वाटून घ्या आणि त्याच्या मदतनिसांवरच लक्ष ठेवा. निकाल आधी कळू नये म्हणून शर्यत संपेपर्यंत वॉट्सअ‍ॅप गट बंद ठेवायचा, हा करार पहिल्याच दिवशी करा.

चढाचे आकडे अंगाने समजून घ्यायचे असतील तर खंडवा रोडने सिमरोळच्या पुढचा भेरूघाट आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर असल्यामुळे हा घाट जाताना उतरावा लागतो आणि चढ परतताना, दमलेल्या पायांनी मिळतो. चढलेली उंची भागिले अंतर, गुणिले शंभर, ही टक्केवारी. फोनचा जीपीएस उंचीत चुकतो. हवेच्या दाबावर उंची मोजणारा सायकल कॉम्प्युटर बरा. आल्प दुएझ १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे अकराशे मीटरहून जास्त उंची, एकवीस वळणांत. भेरूघाटात ट्रकांची वर्दळ असते, त्यामुळे पहाटे लवकर निघा, मागचा दिवा लावा आणि डाव्या काठाने चला.

विश्व अजिंक्यपदाचे पान वेगळे आखा. तिथे व्यापारी संघ नसतात, देश असतात, आणि कानातल्या रेडिओला बंदी असते. आघाडी किती हे त्यांना फलकावरून किंवा गाडीजवळ जाऊन कळते, त्यामुळे पाठलाग उशिरा सुरू होतो. २०२५ साली किगालीत, आफ्रिकेतल्या पहिल्याच अजिंक्यपदात, कॅनडाच्या माग्दलेन वाल्येरने बाजी मारली तेव्हा नावाजलेल्या बाया मागे एकमेकींकडे पाहत राहिल्या. वर्षभर वेगवेगळ्या जर्सीत लढणाऱ्या बाया त्या दिवशी एका देशासाठी राबतात. म्हणून डाव्या पानावर देशाच्या नावापुढे प्रत्येकीचा नेहमीचा संघही लिहा. कोण कुणाच्या मागे उगाच जोर लावत नाही, याचा उलगडा पुष्कळदा तिथे होतो.

ऑक्टोबरातल्या चीनमधल्या शर्यती आपल्याकडे सकाळी येतात, कारण चीन अडीच तास पुढे आहे. त्या राहिल्या तरी फार बिघडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र वही बाजूला टाकू नका. संघ बदलल्याच्या घोषणा १ ऑगस्टपासून येऊ लागतात, आणि जानेवारीत जर्सीचे रंग व प्रायोजकांची नावे पालटतात. जुन्या रंगांवर विसंबून अ‍ॅडलेडची शर्यत पाहिली तर उजव्या पानाचा मधला रकाना पूर्ण चुकीचा भरतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्या जर्सींची छोटी चित्रे छापून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि प्रत्येक चित्राखाली मुख्य बाईच्या आधी तिच्या दोन मदतनिसांची नावे लिहा.