ऑस्कीची तयारी: हात, तोंड आणि घड्याळ

वैद्यकीय शिक्षणातील चिकित्सा-कौशल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेली ‘ऑस्की’, केवळ वाचून उत्तीर्ण होता येत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही शेवटच्या पंधरवड्यात बहुतेक जण पुस्तकेच उघडून बसतात. वाचताना काहीतरी पदरात पडल्याचे समाधान मिळते, आणि मित्रांसमोर उभे राहून पोट तपासून दाखवायचे म्हटले की फजितीची भीती वाटते. ती फजिती परीक्षेपूर्वी जितक्या वेळा करून घेता येईल तितकी करून घ्यावी, हाच या परीक्षेच्या तयारीचा खरा गाभा आहे.

ही पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. त्याआधीच्या परीक्षेत कुणाच्या वाट्याला सोपा रुग्ण येई, कुणाच्या वाट्याला अवघड, आणि गुणांचा बराचसा भाग एकाच परीक्षकाच्या मतावर अवलंबून राही. ऑस्कीत सर्व विद्यार्थी त्याच त्या स्टेशनांवरून, म्हणजे एकेक काम मांडून ठेवलेल्या जागांवरून, क्रमाने फिरतात, प्रत्येक स्टेशनला ठरावीक मिनिटे मिळतात (बहुधा पाच ते दहा) आणि परीक्षकाच्या हातात कशाला किती गुण द्यायचे याची आधीच तयार केलेली यादी असते. तयारीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की परीक्षकाला जे दिसले किंवा ऐकू आले त्याचेच गुण मिळतात. तुम्ही मानेची शीर मनातल्या मनात पाहिली असेल, पण रुग्णाची मान वळवली नसेल, वाकून बघितले नसेल आणि काय आढळले ते सांगितले नसेल, तर परीक्षकाच्या लेखी ती तपासणी झालेलीच नाही.

सुरुवात आपल्या अभ्यासक्रमातील कौशल्यांची यादी करण्यापासून करावी. वृत्तांत घेणे (रुग्णाला विचारून आजाराची हकीकत जाणणे), शारीरिक तपासणी, एखादी कृती (रक्ताचा नमुना घेणे, टाके घालणे, मूत्रनलिका बसवणे), रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी संवाद, आणि ईसीजी वा एक्स-रे यांचे वाचन असे ढोबळ गट पडतात. आपल्या परीक्षेत एका स्टेशनला नेमकी किती मिनिटे असतात आणि बाहेरची सूचना वाचायला किती वेळ मिळतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण सरावाचे घड्याळ त्यावरच लावायचे असते. यादीत जे आवडते त्यावर कमी आणि जे टाळावेसे वाटते त्यावर जास्त दिवस द्यावेत. सहसा टाळले जाते ते न्यूरॉलॉजी (मज्जासंस्थेची तपासणी) आणि संवाद.

सराव तिघांनी करावा. एक डॉक्टर, एक रुग्ण, एक परीक्षक; प्रत्येक फेरीनंतर भूमिका बदलायच्या. परीक्षकाने हातात कागद आणि घड्याळ घेऊन पूर्ण गप्प बसावे. मान हलवणे, हसणे, ‘अजून काही?’ असे विचारणे हे सारे वर्ज्य. वेळ संपताच थांबवावे, मग वाक्य अर्धवट राहिले तरी चालेल. त्यानंतर ज्याने तपासणी केली त्याने आधी स्वतः काय चुकले ते सांगावे, मग परीक्षकाने कागदावरून सुटलेल्या गोष्टी वाचाव्यात, आणि शेवटी रुग्ण झालेल्याने बोलावे. हे शेवटचे बोलणे फार मोलाचे असते. ‘तू माझ्याकडे न बघता पोट दाबलेस, मला दुखले असते तर तुला कळलेच नसते,’ हे वाक्य एकदा ऐकले, की पोट तपासताना नजर आपोआप चेहऱ्याकडे जाते.

रक्तदाब मोजण्यासारखे सोपे वाटणारे स्टेशन जरा जवळून पाहू, कारण गुण नेमके कुठे गळतात ते तिथे स्पष्ट दिसते. रुग्णाची पाठ टेकलेली हवी, पावले जमिनीवर हवीत, पायावर पाय नको आणि दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला हवा. कफ, म्हणजे हवेने फुगणारा पट्टा, कपड्यावरून नव्हे, उघड्या दंडावर गुंडाळायचा. त्यातील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के असावी, अन्यथा लहान कफमुळे आकडा खोटा वाढतो. कफची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. यानंतर स्टेथोस्कोपला हात न लावता आधी मनगटाची नाडी बोटांखाली धरून कफ फुगवावा, नाडी कोणत्या आकड्यावर नाहीशी होते ते लक्षात घ्यावे आणि हवा पूर्ण सोडावी. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. काही रुग्णांत ठोके ऐकू येऊ लागल्यानंतर मध्येच नाहीसे होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. कफ त्या नि:शब्द पट्ट्यापर्यंतच फुगवला, तर वरचा रक्तदाब प्रत्यक्षाहून बराच कमी नोंदवला जातो. थोडे थांबून, नाडी बंद झाली त्या आकड्याच्या ३० मिलिमीटर (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वर कफ फुगवावा आणि सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर या गतीने हवा सोडावी. या गतीने १६० वरून ८० पर्यंत यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो. परीक्षक समोर असताना ते अर्धे मिनिट फार लांब वाटते, हात आपोआप स्क्रू ढिला करतो आणि काटा धावत खाली येतो. म्हणून सरावात ते शांत अर्धे मिनिट मुद्दाम अंगवळणी पाडावे. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबले तो खालचा आकडा. आकडे रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगावेत आणि लगेच लिहून ठेवावेत.

प्रत्येक स्टेशनची सुरुवात ठरलेली असते: हात स्वच्छ करणे, स्वतःचे नाव आणि भूमिका सांगणे, रुग्णाची ओळख पडताळणे, काय करणार ते समजावून संमती घेणे, कुठे दुखते का हे विचारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार अल्कोहोलच्या द्रावणाने हात चोळायला २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात; ओळख करून देण्याचे काम हात चोळताचोळताच उरकता येते. मात्र ही सुरुवात पोपटपंचीसारखी म्हटली तर ती लगेच ओळखू येते. संमतीचा प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता शर्टाच्या बटणाला हात घालणारे विद्यार्थी मी सरावात कितीदा तरी पाहिले आहेत.

हृदयाच्या तपासणीत रुग्णाला ४५ अंशांवर बसवणे सर्वांच्या लक्षात राहते. सुटतात त्या खास स्थिती. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झाल्याचा हलका आवाज ऐकायचा असेल, तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगून, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोपची घंटा (वाटीसारखी पोकळ बाजू) हलकेच टेकवावी. महाधमनीच्या झडपेतून रक्त मागे येत असल्यास रुग्णाला पुढे वाकवून बसवावे, श्वास सोडून थांबवावे आणि उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला स्टेथोस्कोपचा पडदा (सपाट बाजू) दाबून ऐकावे. प्रत्येक हालचालीआधी एक वाक्य मोठ्याने बोलावे, म्हणजे रुग्णाला अंदाज येतो आणि परीक्षकाला हेतू कळतो. निष्कर्ष सांगताना महत्त्वाचे आधी यावे. नखांपासून सुरू केलेली हकीकत मर्मरपर्यंत (हृदयाच्या वेगळ्या आवाजापर्यंत) पोहोचण्याआधीच वेळ संपल्याची घंटा वाजते.

हृदय-पुनरुज्जीवनाचे स्टेशन पाठ करण्याचे नाहीच: प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास. हे आकडे सर्वांना येतात, पण दोन मिनिटांत दंड किती भरून येतात आणि खोली कशी कमी होत जाते, हे पुतळ्यावर घाम गाळल्याशिवाय समजत नाही.

संवादाच्या स्टेशनवर बहुतेकांची चूक एकच असते, ती म्हणजे जास्त बोलणे. वाईट बातमी द्यायची असेल, तर रुग्णाला आतापर्यंत काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी विचारावे. मग ‘तपासणीचा निकाल आपण आशा करत होतो तसा आलेला नाही’ अशी पूर्वसूचना देऊन, साध्या शब्दांत मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगावी आणि गप्प राहावे. सरावात या शांततेचे दहापर्यंत आकडे मनात मोजावेत. त्या दहा आकड्यांत अभिनय करणारा रुग्णही काही ना काही बोलतो, आणि पुढचे संभाषण कुठे न्यायचे ते तोच सांगून जातो.

बाहेर लावलेली सूचना दोनदा वाचावी, हा सल्ला मी स्वतः किंमत मोजून शिकलो. आधीच्या स्टेशनवरचे चुकलेले उत्तर डोक्यात घोळत असल्यामुळे ‘फक्त पाठीकडून श्वसनसंस्था तपासा’ या वाक्यातला ‘फक्त’ मी वाचलाच नाही आणि समोरून, अगदी बोटांच्या नखांपासून सुरुवात केली. रुग्णाला पुढे वाकवले तेव्हा पाचपैकी चार मिनिटे संपली होती. पहिल्या वाचनात कोण, कुठे, वय आणि काम काय ते पाहावे. दुसऱ्या वाचनात काय करायचे नाही ते शोधावे.

परीक्षेच्या दिवशी हात कोपरापर्यंत मोकळे असावेत. घड्याळ आणि अंगठ्या काढलेल्या, केस बांधलेले, सेकंदकाट्याचे घड्याळ हवेच असेल तर ते खिशाला अडकवलेले. एखादी पायरी सुटल्याचे मध्येच आठवले, तर ‘मला एक गोष्ट मागे जाऊन तपासायची आहे’ असे सांगून ती करावी. बहुधा तिचे गुण मिळतात. घंटा वाजली आणि काम अपुरे असेल, तर रुग्णाचे अंग झाकावे, त्याचे आभार मानावेत, सुई हातात असेल तर ती धारदार वस्तूंच्या डब्यात टाकावी आणि पुढच्या दाराकडे चालू लागावे.